कोटवाराची टेक

मार्च लागला की नागपुरातल्या आमच्या हुडकेश्वरच्या चक्कीवर तिखट दळायला रांग लागते. मीही डबा घेऊन उभी असते, आणि माझी मिरची पात्यात पडल्यापासून पूड डब्यात येईपर्यंत जागची हलत नाही. चक्कीवाला भला माणूस आहे. दर वर्षी स्टूल देतो, बसा मॅडम, घरी पाठवून देतो म्हणतो. तो इतका गोड बोलतो म्हणूनच मी बसत नाही. माझी मिरची उमरेडच्या पुढच्या गावातली, आत्याच्या अंगणात वाळलेली. ती या गर्दीत कोणाच्या डब्यात जाईल याचा नेम नाही.

लोक मला संशयी म्हणतात. नवरा तर म्हणतो, हिला पावसानंही आधी ओळखपत्र दाखवावं. म्हणू देत. पण दळण सुरू झालं, मिरचीचा पहिला खाट, तो झोंबरा वास, नाकात गेला आणि मी शिंकले, की माझ्या डोळ्यांसमोर चक्की उरत नाही. एक टेकडी येते. सपाट माथ्याची, चहूबाजूंनी उघडी, आजूबाजूला दुसरा उंचवटा नाही. ताटावर वाटी पालथी घातल्यासारखी ती रानात बसलेली असते, आणि तिच्या पायथ्याशी नजर पोचेल तिथवर लाल मिरची पसरलेली असते.

दहावीची परीक्षा संपली त्या वर्षी बाबांनी मला आत्याकडे पाठवलं. बाबा नागपुरात नोकरीला, आम्ही प्रताप नगरात दोन खोल्यांत राहायचो. स्वतः बाबा गावाला क्वचित यायचे आणि आले तरी संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचे. त्यांची धाकटी बहीण देवकाआत्या गावातच होती. मिरचीच्या दिवसांत ती टेकडीखालच्या सातऱ्यावर जायची. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं मोठं मोकळं मैदान. तिथे बायका रांगेने बसून मिरचीचे देठ खुडत. नाकाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला, बोटांना गोडेतेल चोपडलेलं, तरी संध्याकाळी हाताची अशी आग व्हायची की ताकात बुडवून ठेवावे लागत. पळस फुलून गेलेला, मोह नुकता गळायला लागलेला. मोहाच्या गोड वासावर मिरचीचा तिखट वास चढला की नाकाला कळेना, खुश व्हावं की रडावं.

मी आत्याशेजारी बसून चार देठ खुडायची आणि टेकडीकडे बघत राहायची. वरचा भाग काळा आणि उभा, जणू कोणी चिरे रचून भिंत घातली आहे. त्याच्याखाली पांढुरकी पट्टी. पट्टीत एक खोल कपार, माणूस आरामात बसेल एवढी. तिच्याखाली पिवळट उतार, बोरीबाभळींनी भरलेला.

मी विचारलं, हिचं नाव काय. आत्या म्हणाली, टेकडीले कायचं नाव.

एवढ्यावर गप्प बसणारी मुलगी मी नव्हते. गावातल्या नाल्याला नाव होतं, सातऱ्यावरच्या लिंबाला नाव होतं, आत्याच्या शेळीलासुद्धा नाव होतं. एवढी मोठी टेकडी, मैलभरावरून दिसणारी, तिलाच तेवढं नाव नाही? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

मग एका दुपारी सातऱ्याचा मालक कोणाला तरी हाक मारून सांगत होता, बैलबंडी कोटवाराच्या टेकेकडून आण. टेक म्हणजे टेकडीच. मी कान टवकारले. त्याच वेळी आत्याला ठसका लागला. खोकून खोकून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, शेजारणीनं पाठीवर थाप मारली, पाणी दिलं. सातऱ्यावर ठसका ही काही नवलाई नाही. पण त्या दुपारी वारा पडलेला होता, पान हलत नव्हतं, आणि तेवढ्या पन्नासेक बायकांत ठसका लागला तो एकट्या आत्याला. मी ते ध्यानात ठेवलं.

नागपूरला आल्यावर बाबांना विचारलं, कोटवार म्हणजे काय हो. बाबा पेपर वाचत होते. म्हणाले, गावचा राखणदार, सरकारी माणूस. मग आपल्या गावचा कोटवार कोण होता? बाबांनी पेपरचं पान उलटलं. म्हणाले, होता कोणी. जे पान त्यांनी उलटलं ते त्यांनी वाचलेलं नव्हतं, हेही मी ध्यानात ठेवलं.

पुढे मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं. लोकांना वाटतं आवड म्हणून घेतलं. खरं कारण असं की माणसं उत्तर देत नव्हती, तेव्हा म्हटलं दगडांना विचारून बघू. दगडही सरळ बोलत नाहीत, पण निदान पेपरचं पान उलटत नाहीत.

दगडांनी सांगितलं ते असं. वरचा काळा थर म्हणजे लाव्हा. फार फार पूर्वी जमिनीच्या भेगांतून तो उसळला आणि थरावर थर पसरला. आपल्या नागपूरच्या आसपास त्या पसाऱ्याची पूर्वेकडची कड येते. थंड होताना लाव्हा आकसला, त्याला उभे-आडवे तडे गेले, म्हणून तो रचलेल्या भिंतीसारखा दिसतो. खालचा पांढुरका थर त्याच्याही आधीचा, चुन्याचा आणि मातीचा. तो मऊ. ऊनपावसाने तो आतून झिजला, त्याची कपार झाली. त्याच्याखाली आणखी जुना पिवळा वालुकाश्म. तीन थर, तीन काळ, एकावर एक निमूट बसलेले.

पण मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. लहानपणी वाटायचं, टेकडी जमिनीतून वर आली असेल. तशी ती आलेलीच नाही. एके काळी सगळी जमीन त्या माथ्याएवढी उंच होती. काळा दगड सगळीकडे होता. तो फुटला, झडला, नाल्याओढ्यांनी वाहून नेला. वावरांतली काळी माती, जिच्यात ती मिरची पिकते, ती त्याचीच झालेली. एवढा एक तुकडा तेवढा राहिला. टेकडी उभी राहिली नाही, ती उरली. भोवतालचं सगळं निघून गेलं आणि ती जागची हलली नाही, एवढंच.

हे मी बाबांना एकदा समजावून सांगितलं. ते तेव्हा निवृत्त झाले होते. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, उरणाऱ्यालाच सगळे विचारत बसतात. मला वाटलं आता पुढे बोलतील. ते उठून झाडांना पाणी घालायला गेले. त्यानंतर या विषयावर बोलणं झालं नाही, आणि आता होणारही नाही, बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली.

गेल्या वर्षी ऐन मिरचीच्या दिवसांत आत्याचा फोन आला. आत्या आता ऐंशीला टेकली आहे. सातऱ्यावर जात नाही, अंगणापुरती मिरची वाळवते. फोनवर ती कधी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. म्हणाली, ग्रामसभा हाय, टेकडीले नाव देऊन राहिले, तू ये. मी विचारलं, कोण देऊन राहिले? म्हणाली, चांगले लोक हायेत. त्या ‘चांगले’वर तिनं जो दाब दिला, त्यावरून मला कळलं की संशय माझ्या एकटीच्या वाट्याला आलेला नाही.

उमरेडपर्यंत एस.टी.नं, पुढे ऑटोनं गेले. वाटेत कोळशाचे ट्रक, पळसाची फुलं धुळीनं मळलेली. गावात शिरताना टेकडी दिसली आणि मी सवयीने आधी तिचे थर मोजून घेतले. तिन्ही जागेवर होते.

ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता. सरपंच, गावकरी, आणि नागपूरहून आलेला एक तरुण, डोक्यावर टोपी, वागायला अगदी नम्र. त्यानं टेकडीचे आकाशातून काढलेले फोटो पडद्यावर दाखवले. हा बघा तट, म्हणाला. ही बघा चिऱ्यांची रचना. आणि ही पहारेकऱ्याची देवडी. देवडी म्हणजे ती कपार. तिच्या छताला धुराची काजळी आहे, म्हणजे इथे दिवा जळत होता, म्हणजे इथे पहारा होता. जुने लोक या जागेला कोट म्हणायचे, म्हणजे इथे किल्ला होता. तेव्हा टेकडीचं नाव कोटगड ठेवावं, फलक लावावा, लोक बघायला येतील, गावाला ओळख मिळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावाला किल्ला आहे हे ऐकायला कोणाला वाईट वाटेल?

मला मात्र एकेका ‘म्हणजे’ला ठेच लागत होती. याला किल्ला कशाला हवा? मागून हॉटेल येणार आहे का? सरपंचाच्या भाच्याची जमीन पायथ्याला आहे, ती योगायोगाने? आजवर माझ्या हाती यातलं काही लागलेलं नाही हेही सांगून टाकते. कदाचित त्या पोराला खरोखरच किल्ल्यांचं वेड असेल. पण तेव्हा मी उठले आणि सांगितलं, हा तट कोणी बांधलेला नाही. हा लाव्हा आहे, तडे गेलेला. चिरा असता तर त्याला छिन्नीचा घाव असता, चुना असता. आणि कपार निसर्गानं कोरली आहे.

मांडवात कुजबुज झाली. मॅडमले काय पाहिजे, असं कोणीतरी मागून म्हणालं, मला ऐकू येईल इतक्या हळू. आमची वस्ती कुठली, मी कोणाची मुलगी, हे शेजारच्याने शेजारच्याला सांगितल्याचंही मला कळलं. मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि ते माझ्यावर. हिशेब बरोबर होता.

टोपीवाला तरुण हसून म्हणाला, ठीक आहे मॅडम, तट नैसर्गिक असेल. पण मग नावातला कोट कुठून आला? आणि देवडीत दिवा कोणी लावला?

माझ्याकडे याचं अर्धंच उत्तर होतं. कोटवार हा शब्द माझ्या जिभेवर होता, पण तो कोण हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी आत्याकडे बघितलं. ती बायकांत मागे बसली होती, पदर नाकावर धरून. सगळ्या गावात त्या प्रश्नाचं उत्तर माहीत असलेलं ते एकच माणूस राहिलं होतं, आणि त्या माणसाने सत्तर वर्षं टेकडीला नावच नाही असं सांगत काढली होती. आज ती गप्प राहिली असती तर कोणालाच कळलं नसतं. टेकडीवर किल्ला झाला असता. किल्ल्यावर एखादा राजाही झाला असता. आणि आमच्या घराण्याच्या मागे जे काही होतं, ते सगळं सुखरूप पुसलं गेलं असतं. बाबांना तेच हवं होतं का, याचा मी त्या क्षणी विचार केला. बहुधा हवं होतं.

आत्या उठली. उठायला तिला वेळ लागला, शेजारणीनं हात दिला.

“कोट नाई,” ती म्हणाली. “कोटवार. कोटवाराची टेक. अन कोटवार माह्या आजा होता.”

पुढचं ती थांबत थांबत बोलली, आणि ते तिच्याच शब्दांत इथे सगळं मांडता येणार नाही, मला तेव्हा नीट ऐकूही येत नव्हतं. पीक उभं असलं की तिचा आजा, म्हणजे माझा पणजोबा, त्या कपारीत बसून सगळ्या शिवारावर नजर ठेवायचा. आत्या तेव्हा लहान पोर, दिवस मावळायच्या आत त्याची भाकर घेऊन वर जायची. तो विस्तव पेटवायचा, त्याची ती काजळी. गावाची वावरं तो राखायचा, स्वतःचं वावर त्याला नव्हतं. सकाळी घरोघर फिरून भाकर मागायची, तीच त्याची मजुरी. रस्त्यात कोणी भेटलं की आधी जोडे काढायचे, मग हो जी, नाई जी. आणि एवढं राखूनही कोणाच्या वावरातून चार कणसं गेली की पहिलं बोट त्याच्याकडे. राखणदारच चोर, हे गावाला आधीच माहीत असायचं.

“छप्पन साली नागपूरले जाऊन आला,” ती म्हणाली. “दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं तर गेला नाई. कोटवारकीची काठी होती न, ते चुलीत घातली. मायनं त्याच्यावर भाकरी शेकल्या. म्या खाल्ल्या.”

मी टेकडीचे तीन थर शिकले होते. चौथा त्या कपारीच्या छतावर होता, काजळीचा, आणि तो मला दिसूनही कळलेला नव्हता.

सरपंच वयाने लहान माणूस. तो उठून उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, “मंग आजी, कोटवाराची टेक असंच लिहू का बोर्डावर?”

“नोको,” आत्या म्हणाली. “कोटवार त्याचं नाव नोहोतं.”

एवढं बोलून ती बसली. नाव काय होतं ते तिनं सांगितलं नाही आणि सरपंचाला विचारायचं धाडस झालं नाही. मग दुसरेच लोक बोलायला लागले. कोणी म्हणालं कोटगडच बरं, कोणी म्हणालं नाव कशाला उकरायचं, कोणी म्हणालं पुढच्या सभेत बघू. आमच्या गावात भांडण मिटलं नाही की ते पुढच्या सभेत जातं.

घरी येताना मी तिला विचारलं, इतकी वर्षं मला काहून सांगितलं नाही? ती म्हणाली, तुया बाबानं शपथ घातली होती. शाळेत त्याले पोट्टे कोटवाऱ्या म्हणत. मग थोडं चालून म्हणाली, पन त्यानं किल्ल्याची शपथ नोहोती घातली.

मला राग आला, तो नक्की कोणावर हे अजून ठरवता आलेलं नाही. बाबांवर, की त्यांना चिडवणाऱ्या पोरांवर, की त्या कपारीवर, जी एवढं सगळं पोटात ठेवून वर नुसती सुंदर दिसत होती. एक गोष्ट मात्र लख्ख कळली. चक्कीवर माझ्या मिरचीवर जी नजर ठेवून मी उभी राहते, ती नजर माझी नाही. ती त्या कपारीतून आली आहे. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचं पीक राखायला बसवलेल्या माणसाकडून आणखी काय यायचं?

यंदा पुन्हा मिरची आणायला गेले तेव्हा फलक लागलेला होता. पिवळा रंग, काळी अक्षरं, ‘टेकडीकडे’ आणि बाण. ‘टेकडीकडे’च्या आधी ऐसपैस जागा कोरी सोडलेली. ती कोणासाठी सोडली असेल यावर माझं मन लगेच धावलं. एखाद्या सकाळी तिथे कोटगड उगवलेलं असेल, असं मला अजूनही वाटतं.

दुपारी आत्या अंगणात देठ खुडत होती. मी शेजारी बसले होते, बोटांना तेल लावून. टेकडी बघायला आलेली दोन पोरं कुंपणाशी मोटारसायकल थांबवून उभी राहिली. नागपूरची असावीत. एकानं पाणी मागितलं, ते पिऊन झाल्यावर विचारलं, मावशी, बोर्डावर नाव नाई दिसलं, काय म्हंतेत त्या टेकडीले?

मी आत्याकडे बघितलं नाही. तिनं काय उत्तर द्यायचं याचा माझ्याशी काही संबंध नव्हता. टेकडीले कायचं नाव, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं होतं, ते पुन्हा ऐकायची मी तयारी ठेवली होती.

“डोमाजीची टेक,” आत्या म्हणाली.

पणजोबाचं नाव मीही पहिल्यांदाच ऐकत होते. गाव त्याला डोम्या म्हणत असणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. जन्मभर तो ज्याला त्याला जी म्हणत राहिला आणि त्याच्या नावापुढे तो जी लावणारं कोणी भेटलं नाही.

पोरानं विचारलं, कोण होते डोमाजी, राजे होते का?

“नाई जी,” आत्या म्हणाली. “गाव झोपे, ते जागे राहत.”

पोरानं मान डोलावली, जणू राजापेक्षा हे काही कमी नव्हतं. गाडीला किक मारता मारता तो मागे बसलेल्याला ओरडून म्हणाला, “डोमाजीची टेक म्हंतेत बे याले.” गाडी टेकडीच्या वाटेला लागली.

आत्याला ठसका लागला. खोकून खोकून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी उठून तिला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. मिरचीचा खाट लय हाय वं यंदा, ती म्हणाली.

वारा पडलेला होता. मी म्हटलं, हो जी आत्या, लय हाय.